मृगातील तेजोमेघ आणि पुण्याची वेधशाळा

बारामती-इंदापूरकडील शेतकरी ‘मृग’ हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात तारे नसतात, पाऊस असतो. वर्षाकाठी जेमतेम वीस इंच पावसावर भिस्त ठेवणाऱ्या त्या प्रदेशात जूनच्या ७ किंवा ८ तारखेस सूर्य मृग नक्षत्री जातो, ही गोष्ट पंचांगापेक्षा पोटाशी अधिक निगडित आहे. मौज अशी की, ज्या दिवसांत मृगाचा एवढा घोष चालतो, त्याच दिवसांत मृगाचे तारे कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. ते सूर्यतेजात लोपलेले असतात. त्यांचे दर्शन घ्यावयाचे तर मार्गशीर्ष-पौषातील थंडीच्या रात्रीच बाहेर पडले पाहिजे. मग पूर्वेस चार तारकांचे चार पाय असलेले हरीण, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागोमाग येणारा तेजस्वी व्याध असा सारा देखावा कोणासही ओळखता येतो.

त्या बाणाच्या दक्षिणेस अंधुक ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे. तिच्या मधल्या ताऱ्याकडे निरखून पाहिले असता तो ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. काचेवर श्वास सोडावा तसा तेथे धूसर डाग दिसतो. हाच मृगातील तेजोमेघ होय. तो पृथ्वीपासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्याच्या पोटात नवे तारे जन्मास येत आहेत आणि त्यांतील अत्यंत तप्त ताऱ्यांच्या जंबुपार किरणांनी भोवतालचा वायू चेतून स्वतःच प्रकाश देत आहे. अशा मेघास उत्सर्जन तेजोमेघ अशी संज्ञा आहे. ही माहिती आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु ती निश्चित होण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडल्या, आणि त्या खटपटीत पुणे शहरातील एका वेधशाळेचाही वाटा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

दुर्बिणीचा शोध लागताच, १६१० साली, फ्रान्समधील पेरेस्क याने हा मेघ प्रथम पाहिला. पुढे हॉलंडमधील हायगेन्स याने १६५६ साली त्याचे चित्र काढले. त्यानंतर दोन शतके ज्याने त्याने आपापल्या दुर्बिणीतून पाहून हाताने चित्रे काढली, आणि तेथेच घोटाळा झाला. कोणतीही दोन चित्रे एकमेकांशी जुळेनात. एकाच्या चित्रातील फाटा दुसऱ्याच्या चित्रात नसे. मेघ खरोखरच बदलत आहे, की पाहणाराचे डोळे आणि हात निरनिराळे आहेत, हे सांगता येईना. त्यातच आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांच्या प्रचंड दुर्बिणीतून पाहणारांस असा भास झाला की, हा मेघ म्हणजे दाट ताऱ्यांचा समुदायच असून दुर्बीण आणखी मोठी केली की तारे सुटे सुटे दिसतील. एकूण चित्रावरून प्रश्न सुटेना, उलट वादच वाढला.

हा वाद मिटविण्यास प्रारंभ केला तो लंडनच्या विल्यम हगिन्स यांनी. १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून गेला म्हणजे इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसतो. येथे पट्टा नव्हता, अंधारात सुट्या तेजस्वी रेषा तेवढ्या उभ्या होत्या. विरळ आणि तप्त वायूचाच प्रकाश असा रेषारेषांनी बनलेला असतो. तेव्हा तो मेघ ताऱ्यांचा नसून वायूचा आहे, हे एका दृष्टिक्षेपात ठरले. मृगातील मेघही त्याच जातीचा निघाला. मात्र एक नवीन कोडे उत्पन्न झाले. त्या रेषांपैकी एक हायड्रोजनची होती. पण सर्वांत ठळक अशी जी हिरवी रेषा, ती पृथ्वीवरील कोणत्याही पदार्थाच्या रेषेशी जुळेना. तिला शास्त्रज्ञांनी तेजोमेघाची मुख्य रेषा असे नाव दिले आणि तिच्या मालकाचा शोध सुरू झाला.

याच सुमारास छायाचित्रणाची कला आकाशाकडे वळली. पूर्वीच्या ओल्या काचा वाळण्यापूर्वीच वापराव्या लागत; त्यामुळे तासभर काच उघडी ठेवणे अशक्यच होते. १८७१ मध्ये इंग्रज डॉक्टर मॅडॉक्स यांनी जिलेटिनमध्ये चांदीचा ब्रोमाइड क्षार मिसळून काचेवर सारविण्याची युक्ती काढली आणि कोरड्या काचा अस्तित्वात आल्या. डोळ्याची मर्यादा अशी की, क्षणभरात जे दिसले ते दिसले; तासभर पाहत बसल्याने अंधुक वस्तू अधिक उजळ होत नाही. कोरड्या काचेवर मात्र प्रकाशाचा कण न्‌ कण साठत जातो. न्यूयॉर्कच्या हेन्‍री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटे काच उघडी ठेवून मृगातील मेघाचे पहिले छायाचित्र घेतले. इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन यांनी ३० जानेवारी १८८३ रोजी ३६ इंच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीने ३७ मिनिटांत असे चित्र घेतले की, त्या दुर्बिणीतून डोळ्यांस न दिसणारे तारेही त्यात उमटले. या कामगिरीबद्दल पुढील वर्षी त्यांस राजकीय ज्योतिष संस्थेचे सुवर्णपदक मिळाले.

अशा चित्रामागील श्रमांची कल्पना असावी. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. तेव्हा दुर्बीणही घड्याळयंत्राने त्याच गतीने फिरवावी लागते. यंत्र किंचित मागेपुढे झाले तरी तारा ठिपका न राहता रेघ होतो. म्हणून निरीक्षकाने तासभर एका ताऱ्यावर नजर खिळवून दुर्बीण हातांनी सावरावयाची. मग काच काळोख्या खोलीत न्यावयाची. प्रकाश पडलेल्या ठिकाणचा क्षार रासायनिक द्रावात काळ्या चांदीत बदलतो आणि न बदललेला क्षार हायपोच्या पाण्यात धुऊन काढतात. काच द्रावात थोडा वेळ अधिक राहिली तर सारी काळवंडते, कमी राहिली तर मेघाचे पातळ पंख उमटतच नाहीत. हिंदुस्थानच्या हवेत तर आणखी एक संकट असे. पाणी कोमट असले की जिलेटिन मऊ होऊन काचेवरून सुटू लागे. म्हणून येथे द्राव आणि धुण्याचे पाणी थंड राखणे हेच मोठे काम होते.

या काचांचा आणखी एक गुण ध्यानात ठेवला पाहिजे. त्या काळच्या साध्या काचांना निळा, जांभळा आणि जांभळ्यापलीकडील प्रकाश तेवढा उमगत असे. हिरव्याची जाणीव त्यांना अल्प आणि तांबड्याची मुळीच नसे. उलट मनुष्याच्या डोळ्यास मंद प्रकाशात हिरवाच रंग अधिक जाणवतो. हायड्रोजनची जी तांबडी रेषा या मेघात भरपूर आहे, ती डोळ्यासही नीट दिसत नसे आणि काचेसही दिसत नसे. म्हणजे एकाच मेघाविषयी डोळा एक साक्ष देई, काच दुसरी देई, आणि तिसरी साक्ष कोणीच नोंदवीत नसे. यास्तव छायाचित्र हाती आले म्हणजे सत्य हाती आले, असे समजून चालत नाही. या साक्षीदाराला काय दिसू शकते आणि काय दिसू शकत नाही, हे आधी पारखावे लागते.

अशा वेळी या विषयात पुण्याने पाऊल टाकले. त्याचे श्रेय कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी गृहस्थांकडे जाते. त्यांचा जन्म १८५७ चा. १८७८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांत एम. ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांनी पटकाविले. पुढे ते त्याच कॉलेजात शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेकरिता ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. उपकरणे घेण्यासाठी नायगमवाला विलायतेस गेले. तेथील ज्योतिर्विदांशी विचारविनिमय झाल्यावर प्रयोगशाळेचा बेत वाढून वेधशाळेचा झाला. १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढील काळातील इंजिनिअरिंग कॉलेजात झाली. आणि १८८८ साली त्याच आवारात महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील, काचेवर चांदीचा मुलामा दिलेल्या २० इंची आरशाची होती. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

विलायतेत नायगमवाला यांना ज्यांचे मार्गदर्शन लाभले, त्यांत नॉर्मन लॉकियर हे प्रमुख होते. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणारे आणि ‘नेचर’ हे शास्त्रीय नियतकालिक १८६९ मध्ये सुरू करणारे हेच ते लॉकियर. त्यांचे मत असे होते की, तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत. त्या आदळण्याने उल्कांतील मॅग्नेशियम पेटते आणि मुख्य हिरवी रेषा ही त्याच मॅग्नेशियमच्या प्रकाशाचा अवशेष आहे. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. दोघेही नामांकित, दोघांचाही शब्द वजनदार. विलायतेत या प्रश्नावर कडाक्याचा वाद माजला.

वादाचे मर्म समजण्यास कठीण नाही. जळत्या मॅग्नेशियमच्या प्रकाशात त्या जागी सुटी रेषा नसते, तर पट्टी असते. तिची एक कड धारदार असते आणि दुसरीकडे ती हळूहळू विरत जाते. कापडाचा एक काठ कातरीने कापलेला आणि दुसरा उसवलेला असावा, तसा हा प्रकार. तेव्हा तेजोमेघाची मुख्य रेषा मॅग्नेशियमची असेल, तर तिची एक बाजू थोडीतरी उसवलेली दिसली पाहिजे. प्रश्न एवढाच उरला की, ती तशी दिसते काय?

नायगमवाला यांनी पुण्याच्या वेधशाळेतून मृगातील मेघाचा हिरवा प्रकाश वर्णपटदर्शकातून तपासला आणि आपला निष्कर्ष १८९१ मध्ये राजकीय ज्योतिष संस्थेच्या मासिकात प्रसिद्ध केला. मुख्य रेषा सर्व परिस्थितींत धारदारच दिसते, असे त्यांनी कळविले. म्हणजे ती पट्टीचा अवशेष नव्हे. अमेरिकेतील लिक वेधशाळेत कीलर यांनी १८९० च्या सुमारास त्या रेषेची जागा अतिशय सूक्ष्मपणे मोजून तीही मॅग्नेशियमच्या जागेशी जुळत नाही असे दाखविले होते. दोन खंडांतील दोन वेधशाळांनी दोन निराळ्या मार्गांनी एकच उत्तर दिले, आणि लॉकियर यांच्या मताचा आधार तुटला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्यांचे मत खोडून निघाले ते लॉकियर नायगमवाला यांना गुरुस्थानी होते. आणि नायगमवाला हे एका परतंत्र देशातील, एका प्रांतिक कॉलेजातील अध्यापक होते. नव्या वेधशाळेचे पहिले महत्त्वाचे काम गुरूच्या मतास अनुकूल असे दिसावे, हा मोह स्वाभाविक म्हणावा लागेल. तो त्यांनी टाळला. रेषा जशी दिसली तशी लिहिली. शास्त्रात शिष्याची गुरुदक्षिणा ती हीच. आणि या मतभेदामुळे त्यांचे शास्त्रीय कार्य थांबले नाही, हेही त्या विद्वत्परंपरेचे भूषण मानले पाहिजे.

योगायोग असा की, त्याच वर्षांत पुण्यात आणखी एक पुरुष मृगाकडे टक लावून बसला होता. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता अशा काळी वेदांतील काही सूक्ते रचली गेली असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘ओरायन’च्या आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून मराठी घरांतून आकाशाची गोडी लावली. पुण्यातील एक विद्वान मृगाला काळाचे घड्याळ समजून वाचीत होता, तर दुसरा त्याच मृगातील धूसर डागाला त्याचे द्रव्य विचारीत होता. दोघांची साधने भिन्न आणि निष्कर्षांचे भवितव्यही भिन्न. परंतु आकाशाकडून पुराव्यानिशी उत्तर मागावे, ही वृत्ती मात्र एकच.

तेजोमेघाचे काम शांतपणे, रात्रीमागून रात्री करण्याचे. त्याच कलेची दुसरी, अत्यंत घाईची परीक्षा सात वर्षांनी आली, आणि ती इंदापूरच्या सीमेलगतच झाली. २२ जानेवारी १८९८ रोजी सूर्याचे खग्रास ग्रहण होते. चंद्राची छाया कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यास लागून, सह्याद्री ओलांडून, इंदापूर आणि करमाळा या तालुक्यांवरून ईशान्येस वऱ्हाड-नागपूरकडे जाणार होती. माघाच्या तोंडाशी या अवर्षणी पठारावर आकाश निरभ्र असते. शिवाय पुण्याहून दौंड, भिगवणवरून निघालेली रेल्वे भीमा ओलांडून करमाळा तालुक्यात शिरते. तेथील जेऊर हे स्टेशन छायेच्या मध्यरेषेच्या अगदी जवळ होते. इंदापूरहून ते फार लांब नाही. शेतकऱ्यास जे आकाश कोरडे म्हणून नकोसे वाटते, तेच ज्योतिर्विदास हवेसे असते. एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेले जेऊर त्यामुळेच जगाच्या नकाशावर चढले.

नायगमवाला आपली तुकडी घेऊन तेथे उतरले. अमेरिकेहून लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल सपत्नीक आले. त्यांच्या सामानात ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. जपानचीही एक तुकडी आली होती. काळ कठीण होता. १८९६ पासून मुंबईत प्लेग माजला होता, १८९७ मध्ये तो पुण्यात शिरला. त्याच सुमारास दुष्काळानेही देशावर हात फिरविला होता. अशा दिवसांत परमुलखातील माणसांनी माळरानावर तंबू ठोकून दोन मिनिटांच्या अंधाराची वाट पाहावी, हे आसपासच्या गावकऱ्यांस नवलाचेच वाटले असणार.

दोन मिनिटे हा शब्दप्रयोग अलंकारिक नव्हे. जेऊर येथे खग्रास स्थिती जवळजवळ तेवढीच होती. सूर्यबिंब झाकले गेले की त्याभोवती मोत्यासारखे प्रभामंडल दिसू लागते. त्याचा आतला भाग तेजस्वी आणि बाहेरचा अत्यंत मंद असतो. एकाच काचेवर दोन्ही उमटत नाहीत. आतल्यासाठी क्षणार्ध पुरे, तर बाहेरच्यासाठी कित्येक सेकंद हवेत. म्हणून निरनिराळ्या मापाने उघडलेल्या अनेक काचा एकामागून एक बदलाव्या लागत, आणि हात चुकू नये यासाठी तुकड्या आधी तालीम करीत. हीच अडचण मृगातील मेघाच्या बाबतीतही येते. त्याच्या गाभ्यातील चार ताऱ्यांभोवतीचा भाग लख्ख, आणि पसरलेले पंख अतिमंद. गाभा नीट यावा तर पंख हरवतात, पंख यावेत तर गाभा जळून पांढरा होतो.

त्या दिवशी आकाशाने दगा दिला नाही. हिंदुस्थानभरच्या तुकड्यांना स्वच्छ दर्शन घडले आणि जेऊरच्या काचा यशस्वी झाल्या. नायगमवाला यांचा या ग्रहणावरील सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेत छापून निघाला. कॅम्बेल पुढे लिक वेधशाळेचे संचालक झाले. १९२२ च्या ग्रहणात ऑस्ट्रेलियातून त्यांच्या तुकडीने घेतलेल्या छायाचित्रांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादास भक्कम पुष्टी दिली.

त्याच ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गावर आले होते. त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जातात, आणि हेलियमचा शोध याच ओट्यांवर लागला असे सांगण्यात येते. ती समजूत बरोबर नाही. हेलियमची रेषा १८६८ सालची असून त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. ओटे मात्र १८९८ चे. चुकीच्या गौरवाने स्थळाचे खरे महत्त्व उलट झाकले जाते. विजयदुर्गापासून जेऊरपर्यंत महाराष्ट्राची भूमी त्या दिवशी जगातील ज्योतिर्विदांची प्रयोगशाळा झाली होती, हा खरा गौरव काही थोडा नाही.

आता या इतिहासातील खेदाचा भाग. नायगमवाला यांच्यावर कॉलेजातील अध्यापनाचा भार होताच. वेधशाळा ही जणू त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर उभी होती. १९१२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळा मोडण्यात आली. उपकरणे सरकारी वेधशाळेकडे, कोडाईकनाल येथे पाठविण्यात आली. ती २० इंची दुर्बीण पुढे ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली गेली. पण ज्या पुण्यासाठी ती आणली होती, तेथे ती परत आली नाही. देणगी होती, यंत्र होते, कर्तबगार माणूस होता. त्याच्या मागून येणारा दुसरा माणूस मात्र कोणी तयार करून ठेवला नव्हता. चोवीस वर्षांत त्या दुर्बिणीपाशी बसून वाढलेली शिष्यांची एक पिढी असती, तर निवृत्तीच्या एका कागदाने ती पुण्याबाहेर गेली नसती. नायगमवाला १९३८ पर्यंत हयात होते.

त्यांच्या हयातीतच हिरव्या रेषेचे कोडे सुटले. तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यही कल्पिण्यात आले होते. १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी दाखविले की, ती रेषा आपल्या नित्य परिचयातील ऑक्सिजनचीच आहे. मात्र दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. पृथ्वीवरील दाट वायूत असे अणू प्रकाश देण्यापूर्वीच एकमेकांवर आदळून आपली शक्ती गमावतात. तेजोमेघ इतका विरळ असतो की, अणूला निवांतपणे ती शक्ती प्रकाशरूपाने सोडण्यास अवधी मिळतो. प्रयोगशाळेत ती रेषा का दिसत नव्हती, याचे उत्तर हे होते. उल्का नाहीत, मॅग्नेशियम नाही. पुण्यात धारदार दिसलेली ती रेषा अशी निराळ्याच घराची निघाली.

आजची छायाचित्रणाची पद्धत पाहिली म्हणजे जुन्या काचांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी नावाची इलेक्ट्रॉनिक चकती कल्पिली. तिने हळूहळू काचेची जागा घेतली. काचेवर पडणाऱ्या प्रकाशापैकी फार थोडा कामी येई. चकती बहुतेक सारा टिपते, आणि तिला तांबडा प्रकाशही उमगतो. त्यामुळे जी तिसरी साक्ष कोणी नोंदवीत नव्हते, ती आता सर्वांत बोलकी झाली आहे. ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजनची तांबडी रेषा आणि ५००.७ नॅनोमीटरची ऑक्सिजनची हिरवी रेषा तेवढी आत सोडणाऱ्या गाळण्या लावून एकेक रेषेचे स्वतंत्र चित्र घेतात. नायगमवाला एका रेषेचा काठ तपासीत होते; आजचा हौशी निरीक्षक एकेका रेषेचे संपूर्ण चित्र घेऊ शकतो.

तासभर एकच काच उघडी ठेवण्याऐवजी आता काही मिनिटांची पुष्कळ चित्रे घेऊन गणकयंत्रावर एकावर एक रचतात. मेघाचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो; यंत्रातील खरखर मात्र दर वेळी निराळी असते. म्हणून चित्रांची सरासरी काढली की खरे ते टिकते आणि खोटे ते विरते. कॅमेऱ्याचे तोंड झाकून घेतलेली काळी चित्रे यंत्राचा स्वतःचा दोष दाखवितात. सारख्या उजळलेल्या पडद्याची चित्रे भिंगावरील धूळ आणि कडांवरील अंधार दाखवितात. पहिला दोष मूळ चित्रांतून वजा करतात, दुसऱ्याचा भागाकार करून काढून टाकतात. गाभ्यासाठी थोड्या वेळाची आणि पंखांसाठी अधिक वेळाची अशी निराळी चित्रे घेऊन ती जोडतात. जेऊरच्या माळावर काचा बदलणाऱ्या हातांनी जे केले, तेच हे काम आहे.

यातून एक धोकाही उत्पन्न होतो. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये घेतलेल्या गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रात गंधकास तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. हे रंग डोळ्यास दिसणारे नव्हेत. कोणते द्रव्य कोठे आहे हे ओळखू यावे म्हणून ते योजलेले आहेत. सांगून केलेली अशी योजना शास्त्राला पोषक असते. परंतु केवळ सुंदर दिसावे म्हणून नसलेले तंतू उमटविले किंवा असलेले पुसले, तर हाताने चित्रे काढण्याच्या काळातील गोंधळच पुन्हा मागच्या दाराने आत येतो. नायगमवाला यांनी रेषेचा काठ जसा होता तसा सांगितला. तोच नियम गणकयंत्रापुढे बसलेल्या तरुणासही लागू आहे.

पुण्याची खंडित परंपरा पुढे पुन्हा जोडली गेली. १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन होऊन हौशी निरीक्षकांना हक्काचे घर मिळाले. तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था पुण्यात उभी राहिली, आणि २००६ मध्ये पुणे जिल्ह्यातच गिरवली येथे तिची २ मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. येथे यंत्र एका माणसाचे नाही, संस्थेचे आहे; विद्यार्थी येतात, शिकतात आणि दुसऱ्यांना शिकवितात. १९१२ मध्ये जे उणे पडले, ते हेच होते.

इंदापूरच्या बाजूला आता उजनीच्या जलाशयाचे पाणी दूरवर पसरले आहे आणि पुणे-सोलापूर महामार्गावर रात्रभर दिव्यांची रांग चालते. तरीही गावांपासून आणि कारखान्यांपासून दूर, हिवाळ्यातील अमावास्येला तेथील आकाश पुण्याच्या आकाशाहून कितीतरी काळे असते. साधी दुर्बीण आणि बेताचा कॅमेरा घेऊन मृगातील मेघाचा तांबडा पंख टिपणे आज शाळेतील शिक्षकास आणि त्याच्या विद्यार्थ्यांसही अशक्य नाही. मात्र चित्र घेतल्यावर काच किंवा चकती काय पाहू शकते, रंग कोणी दिला आणि कशासाठी, हे प्रश्न त्या मुलांनी विचारले पाहिजेत. आणि वर्षाच्या शेवटी ती मुले शाळा सोडून गेली तरी दुर्बिणीपाशी बसणारी पुढची मुले तयार असली पाहिजेत.